शत्रूच्या पाठीवर

युद्ध जाहीर झालं तेव्हा मी बाबलच्या डाव्या कानामागचं शेवाळ खरवडत होते.

पावसाळा संपला की ड्रॅगनच्या कानामागे शेवाळ धरतं, आणि ती जागा त्याला स्वतःला खाजवता येत नाही. त्यामुळे बाबल मान तिरकी करून, डोळे मिटून, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा सुस्कारत होता. तेवढ्यात परेडचा कर्णा वाजला.

"आत्ता?" बाबल म्हणाला. "अगो, उजवा कान राहिला."

"परत आल्यावर करते. चल."

परत आलो तेव्हा आम्ही एकमेकांचे शत्रू होतो.

मैदानावर कर्नल हरपळे नेहमीच्या जागी, नेहमीच्या ताठ मानेनं उभे होते. आमच्या प्रबोधिनीचे ते प्रमुख. आम्ही आपापल्या ड्रॅगनवर बसून रांगा धरल्यावर ते म्हणाले, "माथेगड आणि दर्यापाटण या दोन संस्थानांत आज सकाळपासून युद्ध सुरू झालेलं आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहेच."

कारण फाटकावरची पाटी होती. घाटाच्या वर माथेगड, घाटाखाली समुद्राला लागून दर्यापाटण, आणि मधल्या खिंडीत दोघांनी मिळून काढलेली आमची प्रबोधिनी. जुनी पाटी वाऱ्यानं पडली म्हणून नवी करायला दिली, तेव्हा रंगाऱ्यानं दोन्ही दरबारांना विचारलं की कुणाचं नाव आधी. दोन्ही दरबारांनी एकच उत्तर दिलं. रंगारी शहाणा, तो गाव सोडून गेला. पाटी कोरीच राहिली आणि भांडण युद्धापर्यंत पोचलं.

अडचण अशी होती की प्रबोधिनीच्या करारानुसार स्वार माथेगडानं द्यायचे आणि ड्रॅगन दर्यापाटणनं. माथेगडाला ड्रॅगन नाहीत. दर्यापाटणची माणसं दर्यावर्दी, पण उंचीवर गेली की त्यांना भोवळ येते. त्यामुळे मैदानावरचा प्रत्येक स्वार वरचा होता आणि त्याच्याखालचा प्रत्येक ड्रॅगन खालचा.

मागच्या रांगेतून एका स्वारानं विचारलं, "सर, म्हणजे आम्ही आत्ता शत्रूवर बसलोय का?"

"होय," कर्नल म्हणाले. "सरळ बसा."

एका ड्रॅगननं विचारलं, "आणि आम्ही शत्रूला पाठीवर घेऊन उभे आहोत?"

"होय. पाय जुळवून उभे राहा." मग त्यांनी घसा साफ केला. "युद्ध हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे. भिंतीच्या आत ते चालणार नाही. भिंतीबाहेर ज्याला त्याच्या दरबाराकडून जो हुकूम येईल तो त्यानं पाळावा. संध्याकाळच्या हजेरीला मात्र सगळे हवेत. कुणी मरणार असेल तर आधी कळवावं."

बाबलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं आम्ही एकत्र उडत होतो. पहिल्या दिवशी मी त्याच्यावरून तीनदा पडले होते आणि तिन्ही वेळा त्यानंच मला हवेत झेललं होतं. त्यानंतर आम्ही एकमेकांना कधी 'विश्वास' वगैरे शब्द वापरून काही बोललो नव्हतो. गरज पडली नव्हती.

"उजवा कान राहिलाय," तो हळूच म्हणाला.

त्या दुपारी मेसमधल्या भाताला मीठ नव्हतं. मीठ खालचं, आचारी वरचा, आणि आचारी देशभक्त.

जेवण चाललेलं असतानाच मला निरोप आला, की घरचं माणूस भेटायला आलंय. फाटकाजवळच्या पडवीत शिदोजीमामा बसला होता. माथेगडच्या सैन्यात तो सुभेदार होता, पण आज साध्या धोतरात आला होता. मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेली चिनीमातीची मोठी बरणी.

"आईनं लोणचं दिलंय," तो म्हणाला.

माझ्या आईला लोणचं घालता येत नाही. घातलं की आठवड्यात बुरशी येते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी बरणी हातात घेतली. अंदाजापेक्षा जड लागली.

"उघडू नकोस," मामा म्हणाला. "आणि चुलीजवळ नेऊ नकोस."

"मामा, यात काय आहे?"

"लोणचं. कुणी विचारलं तर लोणचं." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "अंड्यांची गुहा तू पाहिलीयस."

पाहिली होती. मागच्या सुट्टीत बाबल मला त्याच्या घरी घेऊन गेला होता. समुद्रावरच्या कड्यात, वाऱ्याच्या तोंडाशी ती गुहा, आणि आत ओळीनं मांडलेली, रांजणाएवढी, तांबूस अंडी. त्या साऱ्या अंड्यांची काळजी बाबलची आई घ्यायची. परत आल्यावर मीच मामाला सगळं सांगितलं होतं, जेवता जेवता, कौतुकानं.

"तिथं तोफ पोचत नाही," मामा म्हणाला. "परका माणूस पोचत नाही. तू पोचतेस. आजच जायचं."

"बाबलच्या पाठीवर बसून?"

"मग काय चालत जाणारेस?"

"मामा, ती बाबलची भावंडं आहेत."

मामानं बरणीच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळली. त्याला हे काम आवडलं नव्हतं. मी त्याला लहानपणापासून ओळखत होते. माझा बाप गेल्यावर त्यानंच आम्हाला संभाळलं. नदीला पूर आला की मला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचा. प्रबोधिनीत घेताना माझी उंची थोडी कमी भरत होती, तर आदल्या दिवशी त्यानं माझ्या बुटांत पेंढा भरला आणि वर म्हणाला, ताठ चाल, सुभेदाराची भाची आहेस.

"नदीकाठचं पहिलं घर कुणाचं, हौसे?" त्यानं विचारलं.

"आपलं."

"ड्रॅगन नदी ओलांडून आले तर पहिली आग कुणाच्या छपराला लागेल?"

मी बरणी जमिनीवर ठेवली.

"आत्ता जे आहेत त्यांचं आम्ही बघून घेऊ. पण ती अंडी उबली तर पुढं आमच्या हातात काही राहणार नाही. तुझी आई म्हातारी आहे. तिला पळता येत नाही. मी काय वेगळं सांगू?" तो उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

मी बरणी कडेवर घेऊन बाबलच्या ठाणावर आले. तो मासे खाऊन आडवा पडला होता. नाकपुड्या फुगवून त्यानं वास घेतला.

"काय ते?"

"लोणचं."

"कसलं?"

"लिंबाचं."

"गंधक बरंच पडलंय," बाबल म्हणाला.

मी बरणी खाली ठेवली आणि त्याच्या पुढच्या पंजाला टेकून बसले. मग त्याला सगळं सांगितलं.  मध्येच त्याच्या घशात आग घोटाळली आणि उचकीसारखी एक ठिणगी बाहेर पडली, तेव्हा घाबरून त्यानं तोंड पंखाखाली घातलं.

"मलाही हुकूम आलाय," शेवटी तो म्हणाला. "आमच्या दरबाराचा. तुला जिवंत पकडून गुहेत न्यायचं. आजच."

"मलाही आजच सांगितलंय."

"गुहेतच?"

"गुहेतच."



"पण मग," बाबल म्हणाला, "मी तुला पकडून नेतोय की तू मला?"

"मी वर बसणार."

"उडणार मी."

"बाबल, या बरणीत काय आहे ते तुला ठाऊक आहे. तरी नेशील?"

"तू ती टाकणार आहेस?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. डोळे मिटले की एका बाजूला ती अंडी दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला पेटलेलं आमचं छप्पर.

"मग मी तुला का नेतोय तेही मला माहीत नाही," बाबल म्हणाला. "चल. आये काय ते बघेल."

फाटकात कर्नल हरपळे स्वतः उभे होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडीला ते एकच प्रश्न विचारत होते.

"कैदी कोण?"

"मी," मी म्हणाले.

"मी," बाबल म्हणाला.

"एक काय ते ठरवा. आणि हजेरी चुकवू नका."

खिंडीतून खाली उतरलं की वारा खारट होतो. तासाभरात समुद्र दिसला आणि मग तो कडा. बाबल गुहेच्या तोंडाशी उतरला. आत अंधारात काहीतरी हललं. आधी मला वाटलं कडाच सरकतोय. ती बाबलची आई होती. दर्यापाटणची माणसंसुद्धा तिला आयेच म्हणत. तिच्या भुवयांवर शिंपले चिकटलेले होते.

"इलंस?" तिनं बाबलला विचारलं आणि लगेच माझ्याकडे वळली. "जेवलंस काय गो?"

"आये, ही बंदिवान आहे," बाबल म्हणाला.

"बंदिवान झाली म्हणान काय जेवची नाय?" तिनं मान खाली आणली. तिचा एक डोळा माझ्या तोंडाएवढा होता. "आणि ह्या बरणीत काय हाडलंस?"

वाटेत मी चार उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "दारू आहे," मी म्हणाले. "तोफेची. अंड्यांवर टाकायला दिलीय."

गुहेत आणखी पाचसहा ड्रॅगन होते. सगळ्यांच्या नाकातून एकदम धूर निघाला. आयेनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"थंय कोपऱ्यात ठेव," ती म्हणाली. "सुक्या जाग्यात."

माझ्यापुढे भाजलेला मासा आला. मी पहिला घास घेतला आणि बाहेर शंख फुंकला गेला. माथेगडचं सैन्य नदीवर पोचलं होतं. दरबाराचा हुकूम होता, ज्याला ज्याला पंख आहेत त्यानं निघायचं, मागं कुणी थांबायचं नाही.

"कुणी नाय?" आये म्हणाली. "आणि अंड्यांखालचो विस्तव कोण बघतलो?"

अंड्यांच्या ओळीखाली खळगे होते आणि त्यात निखारे. एरवी कुणीतरी एक ड्रॅगन कायम तिथं बसून फुंकर घालायचा. निखारे विझले आणि अंडी एकदा गार पडली की आतला जीव गेला. आये गुहेत चहूकडे बघत फिरली. पंख नसलेलं तिथं एकच जण होतं. हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले.

एक म्हातारा ड्रॅगन म्हणाला, "आये, तिला अंडी फोडायला पाठवलंय!"

"फोडूची असती तर सांगलां कित्याक असतां?" आये म्हणाली. तिच्या लेखी तो विषय संपला. "अगो, लाकडां हय आसत. विस्तव जावक देव नको."

ते सगळे निघाले. मी तोंडातला घास तसाच धरून उभी होते. बाबल कड्यावर पोचला तेव्हा मी ओरडले, "नदीकाठी माझी आई आहे!"

आये थांबली. "खंयचा घर?"

"पहिलंच. छपरावर दुधीचा वेल आहे."

तिनं बाबलकडे पाहिलं. "जा. थंय जावन बस."

"घरापाशी?"

"छपरावर. कोणाक जवळ येव देव नको. आपल्यांकाय नाय आणि त्यांच्यांकाय नाय."

आणि मग गुहेत मी एकटी उरले. मी, अंडी आणि बरणी.

पहिला काही वेळ निखारे चांगले होते. मग मी लाकडं घालायला गेले तर ती ओली. समुद्राचे तुषार उडून उडून सगळा ढीग भिजलेला. ड्रॅगनला त्याचं काय, तो फुंकर मारतो आणि ओंडका पेटतो. माझी फुंकर माणसाची. धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं, लाकूड काही पेट घेईना. कडेच्या खळग्यातले निखारे राखाडी पडले. त्यावरच्या अंड्याला मी हात लावला. त्याला घाम फुटला होता. ताप उतरताना फुटतो तसा.

मी डोक्याचा फेटा सोडला आणि ते अंडं पुसलं. शेजारचं पुसलं. पुसलेलं पुन्हा ओलं होत होतं. मग मी कोपऱ्यात जाऊन बरणीचं फडकं सोडलं.

चिमूटभर दारू ओल्या लाकडाच्या फटीत घातली आणि काटकीनं लांबून निखारा लावला. भक्कन उजेड झाला, माझ्या भुवया होरपळल्या, पण लाकडानं पेट घेतला. ते खळग्यात सरकवलं आणि दुसरं घेतलं. एका लाकडाला एक चिमूट. पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत जायचं, तोवर पहिला विझायला आलेला असायचा. पुन्हा पहिल्यापासून. लांबवर नदीच्या बाजूला गडगडाट चालला होता. प्रत्येक आवाजाला वाटायचं, आमचं घर गेलं. हात थांबायचा. मग अंड्याला घाम दिसायचा आणि हात चालायला लागायचा.

उन्हं कलली तेव्हा बरणीत हात घातला तर बोटं तळाला लागली. बोटांना लागलेली शेवटची दारू मी लाकडावर झटकली. तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी पंखांचा आवाज आला.

आये आधी आत आली. माझ्याकडे न बघता ती थेट अंड्यांकडे गेली आणि एकेका अंड्याला नाक लावत शेवटपर्यंत जाऊन आली. मग तिनं एक मोठी फुंकर घातली आणि सगळे खळगे लालबुंद झाले. मी खाली बसले. 

बाबल मागून आला. त्याच्या कपाळावर भलं मोठं टेंगूळ होतं.

"घर?" मी विचारलं.

"घर आहे. छप्पर खचलंय थोडं. वेल गेला." तो माझ्या शेजारी बसला. "तुझी आई फार मारते गो. आधी झाडू, मग मुसळ, मग पाटा. पाटा! मी म्हणत होतो, मावशी, मी हौसेचा बाबल. ती ऐकेचना. दुपारभर खाली उभी राहून शिव्या देत होती. शेवटी दमली आणि शिडी लावून भाकरी ठेवून गेली."

"भाकरी?"

"म्हणाली, गिळ एकदा आणि ऊठ माझ्या छपरावरून."

मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना. मग ते हसणं राहिलं नाही. बाबलनं पंख आडवा धरला.

प्रबोधिनीत पोचलो तेव्हा हजेरी होऊन गेली होती. फाटकाबाहेर शिदोजीमामा उभा होता, आता पूर्ण गणवेशात. त्यानं माझ्या जळलेल्या भुवया पाहिल्या, काळे हात पाहिले, आणि कडेवरची रिकामी बरणी पाहिली.

"काम झालं?"

"दारू संपली, मामा," मी म्हणाले.

मी पुढं सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण मामानं मला मिठी मारली आणि तो रडायला लागला. माझ्या कानाशी तो म्हणाला, "आता नदीपलीकडं कुणी जाणार नाही. आता संपलं." मी बाबलकडे पाहिलं. त्यानं अगदी थोडी मान हलवली. नको, अशी.

मामा आनंदानं ओरडत घोड्यावर बसला आणि बातमी घेऊन गेला. आम्हाला कर्नल हरपळ्यांनी हजेरी चुकवल्याबद्दल आठवडाभर मैदान झाडायची शिक्षा दिली. युद्धाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

माथेगडात गुढ्या उभारल्या गेल्या. शत्रूची अंडी फुटली, आता घाई काय, असं म्हणून सैन्य नदीवरून मागं आलं. खालच्या दरबारात आधी गोंधळ उडाला, कारण अंडी तर धडधाकट होती. मग आये दरबारात गेली. तिनं सांगितलं, अंडी गेली असं माथेगडाला वाटतंय तोवरच ती राहतील. दुसऱ्या दिवशी दर्यापाटणनं सुतक जाहीर केलं. आठवडाभरात तह झाला. हरलं कुणीच नव्हतं, आणि हरलंय कोण याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती.

मला पदक मिळालं. अजूनही त्या दिवशी माथेगडच्या शाळांत मुलं माझं नाटक बसवतात. कागदाची अंडी असतात, आणि फेटा बांधलेली एक मुलगी वरून बरणी टाकते. पुष्कळ वर्षं मला पहिल्या रांगेत बसवून ते दाखवायचे. मी टाळ्या वाजवायची. त्या दिवशी वाचलेले ड्रॅगन तोवर मोठे होऊन दूरच्या बेटांवर पांगले होते, आणि खलाशी म्हणायचे, तिकडच्या घारी भलत्याच मोठ्या दिसतात. आता दोन्ही संस्थानं राहिली नाहीत, मामाही राहिला नाही, म्हणून हे बोलता येतं.

पण तहात एक कलम होतं, तेवढं सांगायचं राहिलं. सुतक खरं वाटायचं तर गुन्हेगारही हवा होता. शत्रूला पाठीवर घेऊन स्वतःच्या घरावर आणणारा ड्रॅगन. दर्यापाटणच्या कायद्यात त्याला एकच शिक्षा होती: जन्मदात्या आईनं चारचौघांत शाप द्यायचा आणि त्यानं कायमचं निघून जायचं. माथेगडाकडून साक्षीला शिदोजीमामा येणार होता.

आदल्या दुपारी बाबल मला गुहेत घेऊन गेला. अंड्यांवर होडीची जुनी शिडं आणि जाळी पसरून ठेवली होती. आये अस्वस्थ होती.

"माका शाप येणा नाय," ती म्हणाली. "आमच्यात कोणी दिल्लोच नाय. काय म्हणतत?"

मलाही येत नव्हता. पुस्तकातले दोनचार शब्द आठवले, ते तिला जमेनात.

"हौसेच्या आईला येतात," बाबल म्हणाला. "मी दुपारभर ऐकलेत."

मग मी माझ्या आईच्या शिव्या आयेला शिकवल्या. मला लहानपणापासून पाठ होत्या, ओळीनं, एका दमात. मधूनच म्हटल्या तर माझ्याही लक्षात राहत नसत, म्हणून आयेनंही त्या तशाच ओळीनं पाठ केल्या.

"काळतोंड्या म्हणजे काय गो?"

"तोंड काळं केलेला."

"पण तो काळोच आसा."

"असू दे, आये. म्हण."

ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाबल गुहेच्या तोंडाशी समुद्राकडे तोंड करून बसला होता. मी त्याचा उजवा कान साफ करून दिला. 

सकाळी किनाऱ्यावर दोन्ही बाजूंची माणसं जमली. मामा पुढं उभा होता, छातीवर पदकं. त्याच्यामागे मी. समोर वाळूत बाबल आणि त्याच्या बाजूला आये. दरबारच्या कारभाऱ्यानं हात वर केला.

आयेनं श्वास घेतला आणि सुरू केलं.

"काळतोंड्या! गाडलं तुझं तोंड! कुठं उलथला होतास? जळलं मेलं तुझं लक्षण! जन्माला आलास आणि माझ्या जिवाला घोर लावलास!" तिचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता. माणसं कानांवर हात ठेवून मागं सरली. "पुन्हा या घराचा उंबरा चढलास तर तंगडं मोडून हातात देईन! तुझ्यापेक्षा धोंडा बरा, पायरीला तरी लागला असता!"

इथं तिनं थांबायला हवं होतं. पण तिला ते ओळीनं पाठ होतं.

"ताट वाढून ठेवलं ते निवून गेलं," आये म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. "बघतोस काय तोंडाकडं? हात धू आणि बस."

 मामाची मान हळूहळू वळली. ती त्याच्या बहिणीची बोलणी होती, शब्द न् शब्द. लहानपणापासून त्यानंही ती खाल्ली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वर कड्याकडे, गुहेच्या तोंडाशी वाऱ्यानं फडफडणाऱ्या शिडांकडे. कितीतरी वेळ तो तिकडे बघत होता.  एक शब्द बोलला असता तरी सगळं पुन्हा पेटलं असतं.

मामानं कपाळावरचा घाम पुसला आणि सुभेदाराच्या आवाजात म्हणाला, "शाप पोचला. माथेगडाची खात्री झाली." त्या दिवसाबद्दल तो पुढं माझ्याशी कधी एक अक्षर बोलला नाही.

बाबलनं पंख उघडले. उडायच्या आधी तो नेहमी मान मागं वळवून मी नीट बसले का ते बघायचा. सवयीनं त्यानं मान वळवली, पाठ रिकामी पाहिली आणि पुन्हा सरळ केली. पण तो उडेना. कारभाऱ्यानं दुसऱ्यांदा हात वर केला, तरी उडेना. तेव्हा मला खाली वाळूत दिसलं. आये कायद्याप्रमाणे त्याच्याकडे पाठ करून, मान ताठ ठेवून उभी होती, आणि तिच्या शेपटीनं त्याच्या मागच्या पायाला घट्ट वेढा घातला होता.

तिला ते कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. सगळे बघत होते. शेवटी बाबलनंच खाली वाकून, तोंडानं, एकेक वेढा सोडवला.